मुक्या पाहुण्याची शुश्रूषा

आपल्या वऱ्हाडात गाईगुरांसाठी गोरक्षण आहे. अकोल्यात तर त्या नावाचा एक मोठा रस्ताच आहे. गाय भाकड झाली, बैलाचा पाय मोडला, मालकाला पोसवेनासे झाले, तर निदान जाऊन विचारायला एक दार असते. कुत्र्याचे तसे नाही. मुंबई-पुण्याकडे कुत्र्यांसाठी निवारे आहेत. तिथे जावे, चार कुत्री पाहावीत, त्यातले एक घरी आणावे, अशी तिकडे सोय आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहा तालुक्यांत मात्र कुत्र्याचा निवारा म्हणजे बहुधा कुणाची तरी ओसरी, गोठ्याचा एखादा कोपरा, नाहीतर स्टँडवरच्या चहावाल्याच्या भट्टीजवळची ऊब. तेव्हा आपल्या मुलखात कुत्रे दत्तक घ्यावयाचे म्हणजे ते रस्त्यावरूनच उचलावे लागते, आणि ते सहसा धडधाकट नसते.

कुत्र्यांना घर असावे ही कल्पना काही नवी नव्हे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, मोठा दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापारी यांच्या खटपटीने तिथला पांजरपोळ उभा राहिला. आज पांजरपोळ म्हटले की गुरेच डोळ्यांपुढे येतात. पण त्याच्या जन्माला कुत्री कारण झाली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे १८७४ साली प्राण्यांना होणारा जाच थांबवण्यासाठी मुंबईत संस्था निघाली, आणि परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. ते अजून चालते.

आणि आपल्याकडे तरी कुत्रे कुठे परके आहे? कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण चार वेद म्हणून हात जोडतो. वाशीमहून हिंगोलीकडे उतरले की नर्सी लागते, नामदेवांचे गाव. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. मी ही गोष्ट मुद्दाम काढली. नामदेवांचे ते कुत्रे ठणठणीत होते, भाकरी तोंडात धरून पळत होते! आपल्या पुढ्यात असलेले कुत्रे पंधरा दिवसांचे उपाशी असते. त्याला पहिल्याच दिवशी तूपभाकरी घातली, तर रात्रीतून हगवण लागून ते जायचे. भाव नामदेवांचा असावा, पण आहार डॉक्टरांना विचारून द्यावा.

आता सगळ्यांत आधीची गोष्ट, आणि जिवाची गोष्ट. उचलण्यापूर्वी कुत्रे पिसाळलेले नाही ना, हे पाहावे लागते. इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. पिसाळलेल्या कुत्र्याला दयेने हात लावणारे असतात, तसे नुसत्या आजारी कुत्र्याला पिसाळलेले समजून दगडांनी ठेचणारेही असतात.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रे येऊन बसले. अंगावर केस म्हणून नाही, कातडी हत्तीसारखी जाड आणि भेगाळलेली, तोंड उघडे आणि लाळेची तार जमिनीपर्यंत. पोरे काठ्या घेऊन आली. शेजारचे मामा मला म्हणाले, "भाऊ, पिसायलं हाय थे. तोंडातून लाय चालली, दिसत नाई का तुमाले?" कुणीतरी परीक्षा म्हणून लांबून पाण्याची थाळी सरकवली. कुत्रे उठले, थाळीत तोंड घातले, पण पाणी काही गिळता येईना. लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, पाण्याला भ्याले नाही, म्हणजे पिसाळलेले नाही. दुसरा म्हणे, पाणी पिता येत नाही, म्हणजे नक्कीच पिसाळलेले.

दोघांच्याही म्हणण्यात अर्थ नव्हता. पाण्याची धास्ती हे माणसाला रेबीज झाल्यावरचे लक्षण. पिसाळलेले कुत्रे पाण्याकडे जाते, ओढा ओलांडते, पाण्यात तोंडही घालते; फक्त घसा लुळा पडल्यामुळे गिळू शकत नाही. आवाज बदलून घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, चाल अडखळते. काही कुत्री दिसेल त्याला चावत सुटतात, तर काही अंधारात गप पडून राहतात. यातली काही लक्षणे दुसऱ्याही दुखण्यांत दिसतात. म्हणून पारावर बसून याचा निकाल लागत नाही. घशात हाड अडकल्यासारखे वाटणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालावयाचा नाही, हा तर नियमच समजा. पिसाळलेले कुत्रेही हुबेहूब तसेच दिसते.

आम्ही पोरांना घरी पिटाळले आणि ढोराच्या दवाखान्यात निरोप धाडला. डॉक्टर आले, हातमोजे घातले. त्यांनी स्वतः लस घेतलेली होती. फासाची काठी लावून कुत्र्याला धरले, गुंगीचे औषध दिले आणि विजेरीच्या उजेडात तोंड पाहिले. वरच्या दाढांच्या मध्ये, टाळूला आडवे, बोटभर हाड बसले होते. किती दिवसांपासून, ते देव जाणे. चिमट्याने ते काढले तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. पण डॉक्टर म्हणाले, "हाड निघालं म्हणून रेबीज नाहीच, असं होत नाही. दहा दिवस वेगळं बांधा. हाताळणार असाल तर आधी तुम्ही लस टोचून घ्या." घरातल्या आम्ही दोघांनी ती घेतली, आणि गोठ्यामागच्या पडवीत पाहुण्याचा मुक्काम पडला.

हे दहा दिवस काय आहेत तेही सांगतो. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विष उतरू लागले, की ते फार दिवस जगत नाही. दहा दिवसांच्या आत लक्षणे दिसतात, मरण येते. म्हणून चावलेले कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवतात. पण चावलेल्या माणसाने दहा दिवस वाट पाहत बसावयाचे नाही, बरं का! जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. जखम खोल असेल, तर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते. मिरचीपूड, चुना, तेल काही लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने अजूनही माणसे दडून राहतात. ती जुनी लस २००४-०५ च्या सुमारासच आपल्या देशातून गेली. आता दंडात थोडीशी इंजेक्शने, ठरल्या दिवशी. पाश्चरने १८८५ साली फ्रान्समध्ये पहिल्या मुलाला वाचवले, तेव्हापासून यावर उपाय आहे. मात्र लक्षणे एकदा दिसली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आमचे कुत्रे दहा दिवस जगले, अकरावा उजाडला, आणि मग खरे काम सुरू झाले. उचलून आणणे ही एका संध्याकाळची गोष्ट. शुश्रूषेला पुढचे दोनतीन महिने लागतात. पुष्कळ माणसे इथेच थकतात.

आधी खाणे. सोयाबीन मोजायच्या काट्यावर कुत्र्याला घेऊन मी उभा राहिलो आणि माझे वजन वजा केले, तर ते अकरा किलो भरले. त्याच्या हाडापेराच्या कुत्र्याचे वजन अठरा-वीस असावयास हवे. अशा वेळी वाटते, पोटभर घालावे. तसे करू नये. पुष्कळ दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न सोसत नाही, रक्तातले क्षार बिघडून जनावर दगावूही शकते. आम्ही पहिले काही दिवस दिवसातून पाच वेळा, वाटीभरच, मऊ भात आणि त्यात कुस्करलेले उकडलेले अंडे देत असू; मग हळूहळू वाटी मोठी केली आणि वेळा कमी केल्या. ज्या घरी अंडे चालत नाही, आणि आपल्या कारंजा-शिरपूरकडे अशी घरे पुष्कळ, तिथे मऊ वरणभातात ताजे पनीर किंवा दही चालते. नुसत्या दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांचे पोट बिघडते. वरणाला कांदा-लसणाची फोडणी नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट ही तर विषेच. शिजवलेल्या हाडाचे काय होते ते वर सांगितलेच.

गुरुवारी दत्ताच्या देवळापुढे कुत्र्यांना बिस्किटांचे पुडे फोडणारी मंडळी आपण पाहतो. त्यांच्या श्रद्धेला मी नावे ठेवीत नाही. पण साखरेच्या त्या बिस्किटांनी कुत्र्याचे अंग भरत नाही. तेच पैसे साठवून गल्लीतल्या एका कुत्र्याला लस टोचून आणली, तर गुरुवारही साधेल आणि गल्लीतली लेकरेही सुरक्षित राहतील.

खाण्यानंतर कातडीचा प्रश्न. बायकोच्या मावशी घरी आल्या होत्या, त्यांनी दारातूनच विचारले, "काहून आणलं बाप्पा हे घरात? खरूज लागन ना लेकराईले!" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कुत्र्याची एक खरूज माणसाला लागते. हातावर, पोटावर पुरळ येऊन खाज सुटते. पण तो किडा माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाही; कुत्रे बरे झाले की पुरळही ओसरते. तोवर लेकरांना दूर ठेवावे, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकावे. खरजेचा दुसरा एक प्रकार आहे, तो माणसाला मुळीच लागत नाही. कुठला ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळते.

यावरचा गावठी इलाज म्हणजे गाडीचे जळके काळे तेल. श्रोतेहो, हे तेल कुणीही लावू नये. कुत्रे आपले अंग चाटते, तेल पोटात जाते, कातडीतूनही अंगात मुरते. खरजेचे किडे मरोत न मरोत, कुत्रे मात्र तळमळून मरते. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या की लोक फिनाईल किंवा पेट्रोल ओततात, तोही तसलाच प्रकार. आणि शेतकरी बांधवांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली आयव्हरमेक्टिनची बाटली आपल्या गोठ्यात असते. तेच औषध कुत्र्याच्या खरजेवर चालते, हेही खरे. पण बैल चार क्विंटलचा आणि कुत्रे अकरा किलोचे! अंदाजाने टोचलेल्या थेंबाने कुत्रे आंधळे होते, झटके येऊन मरते. काही जातींना तर थोडेही सोसत नाही. माप डॉक्टरांनीच ठरवावे. आता महिनाभर पुरणारी गोळीही निघाली आहे. तिने खरूज आणि गोचीड दोन्ही जातात, पैसे मात्र जरा जास्त पडतात.

गोचिडांचे दुखणे फसवे असते. कातडी सुधारत होती, पण कुत्रे चवथ्या आठवड्यात पुन्हा खाईना. डॉक्टरांनी ओठ उचलून हिरडी दाखवली, पांढरीफटक. हिरडीवर बोट दाबून सोडले, की दोन सेकंदांच्या आत तिथे गुलाबी रंग परत यावयास हवा. हे कुणालाही घरी पाहता येते. रक्त तपासले, गोचीडताप निघाला. जवळजवळ महिनाभर रोज गोळी द्यावी लागली, आणि भाताच्या गोळ्यात लपवलेली गोळी तेवढी थुंकून टाकण्यात आमचा पाहुणा पटाईत होता. शेवटी गुळाच्या खड्याने त्याला फसवले. तापाचे म्हणाल तर कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असते. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ही त्याची नेहमीची उष्णता. हाताला गरम लागले म्हणून आपल्या घरातली ताप-अंगदुखीची गोळी त्याला देऊ नये. त्या गोळ्यांनी त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे बिघडतात.

ज्यांना तालुक्याच्या दवाखान्यात उलगडा होत नाही, त्यांनी वाशीमच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जावे. त्याहून अवघड काही असेल, तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जाताना कुत्र्याच्या तोंडाला मऊ कापडाची पट्टी बांधून न्यावे, फार वेळ मात्र ती ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग निववते. आपल्याकडचा वैशाख तुम्ही जाणताच. दुपारी त्याला गच्चीवर, पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवणे म्हणजे भट्टीत ठेवणे. सावलीत ओले गोणपाट आणि मातीच्या परळात पाणी, एवढ्याने भागते.

दीडेक महिना झाला आणि पाठीवर लव दिसू लागली. तेव्हा कुठे कळले, की हे कुत्रे तांबडे आहे. तोवर त्याला नाव नव्हते. धाकटीने लाल्या ठेवले. काटा सोळा किलो दाखवत होता. पण अंग भरले तरी मन भरले नव्हते. माणूस उभा राहिला की ते जमिनीला पोट लावी. केरसुणी उचलली की खाटेखाली. अशा कुत्र्याला ओढून बाहेर काढू नये, डोक्यावरून हात फिरवू नये, डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. त्याच्या लेखी तो दरारा असतो. आपण खाली, त्याच्याकडे पाठ करून, पेपर वाचत बसावे. खाणे रोज त्याच वेळी, त्याच भांड्यात. निवाऱ्यांतून काम करणारी माणसे सांगतात, की धास्ती कमी व्हायला तीन दिवस, घरची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने. आमच्याकडे हे गणित थोडेफार तसेच जमले. लाल्या पहिल्यांदा भुंकला तो अडीच महिन्यांनी, आणि कुणावर, तर घोंगडी पांघरून शेतातून रात्री परतलेल्या माझ्यावरच! घरात त्या रात्री सगळ्यांना फार आनंद झाला.

ज्यांना लहान पिलू आणावयाचे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. रक्ताची हगवण लागून पिले पटापट मरतात, तो पार्व्हो. त्याचे विष अंगणात कित्येक महिने टिकते. ज्या घरी असे पिलू गेले, तिथे लस न टोचलेले दुसरे पिलू लगेच आणू नये, फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी. दुसरे असे, की पोरांच्या हट्टाने पिलू आणायचे आणि थोराड झाले, चपला चावू लागले, की पोत्यात घालून शिवेबाहेर सोडून यायचे, हा प्रकार गावोगाव चालतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळलेले जनावर असे उपाशी मरायला टाकून देणे हा गुन्हा आहे. कायदा कुणी वाचीत नाही, ही गोष्ट निराळी. खरे म्हणजे गल्लीतल्या माद्यांची शस्त्रक्रिया झाली, तर शिवेबाहेर टाकायला पिलेच उरणार नाहीत. कुत्रीला साधारण दोन महिन्यांत पिले होतात, आणि वर्षातून बहुधा दोनदा. हिशेब तुम्हीच करा.

लाल्याचीही शस्त्रक्रिया चवथ्या महिन्यात करून घेतली, अंगात पुरेसे रक्त आल्यावर. जंताचे औषध ठरल्याप्रमाणे चालू आहे. मामा आता रोज सकाळी त्याला चतकोर भाकरी घालतात, आणि लाय चालली होती थे दिवस आपण कधी विसरणार नाही, असेही म्हणतात. आम्ही लग्नाकार्याला परगावी गेलो, तर लाल्याची व्यवस्था त्यांच्याकडेच असते. रेबीजची लस दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. त्याचे कार्ड आम्ही कालनिर्णयाच्या मागे अडकवून ठेवले आहे. पहिली लस दिवाळीनंतरची होती, पण आता आम्ही त्याला वसुबारसेच्या आधीच दवाखान्यात नेऊन आणतो. कारण फटाके सुरू झाले, की तो खाटेखालून दोन दिवस बाहेर येत नाही.